भिंगरीचं बाळंतपण आणि पान्ह्याची सुई

वाचकहो, आपल्या घरात कुणाचं दुखलं-खुपलं तर डॉक्टरच्या आधी कोण हजर होतं? शेजारी! त्याची चप्पल उंबऱ्याबाहेर निघायच्या आत त्याचा सल्ला घरात शिरलेला असतो. पुसेगावच्या उत्तमरावांकडे परवा हेच झालं, आणि थोडक्यात अनर्थ टळला.

उत्तमरावांची भिंगरी म्हणजे तांबूस रंगाची, उभ्या कानांची गावठी कुत्री. तुरीच्या वावरात रानडुकरं शिरली की ही एकटी त्यांना बांधापलीकडे पिटाळायची. दोन्ही मुलं नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून तर उत्तमराव बायकोशी, गोजरबाईंशी, दिवसातून चार वाक्यं बोलत आणि भिंगरीशी चाळीस. ती गाभण आहे हे कळल्यावर गोजरबाईंनी ओसरीच्या कोपऱ्यात जुनं लुगडं अंथरलं, आणि लेक माहेरी बाळंतपणाला आल्यासारखे चक्क डिंकाचे लाडूही वळले.

सकाळी आठ वाजता पहिलं पिल्लू झालं. काळं-पांढरं, मूठभर! उत्तमराव तीन घरी सांगून आले. पण त्यानंतर काय बिनसलं कुणास ठाऊक. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. भिंगरी कळा देत होती, सगळं अंग आवळत होती, मान वळवून मागे बघत होती, पण दुसरं पिल्लू काही येईना.

"आवं, ही अडली," तिच्या पोटावर हात ठेवून गोजरबाई म्हणाल्या. "आत अजून हायेत. हाताला लागून राहिलेत."

तेवढ्यात शेजारचे दगडोबा आले. माणूस मनानं चांगला, पण उंटावरचा शहाणा! त्यांनी भिंगरीकडे एक नजर टाकली आणि निकाल देऊन टाकला.

"हातावर हात धरून काहून बसले, उत्तमराव? गोठ्यात पान्ह्याचं इंजेक्शन हाय न्हाई का? टोचा थोडंसं. पटापटा मोकळी व्हते!"

हे पान्ह्याचं इंजेक्शन म्हणजे म्हैस दूध चोरायला लागली की धार काढण्याआधी टोचतात ते. बाटलीवर ना नाव ना गाव, आणि कुठून आणली ते कुणी विचारायचं नाही. त्यानं गर्भाची पिशवीही आवळते, एवढं अर्धं ज्ञान सगळ्यांना असतं. म्हणून अडलेल्या शेळीला तेच, गाईला तेच, आणि आज कुत्रीलाही तेच. उत्तमरावांना लगेच पटलं. ते गोठ्यात गेले आणि सुई भरूनच परत आले.

"थांबा!" गोजरबाई आडव्या आल्या. "म्या दवाखान्यात फोन केलाय. डॉक्टरीनबाई सेनगावहून निघाल्यात. येईस्तोवर काहीच टोचू नका म्हणाल्या."

"कुत्रीसाठी डॉक्टर?" दगडोबा खो-खो हसले. "वहिनी, उद्या कोंबडीसाठी अँबुलन्स बोलावान!"

"तू कवा केला फोन?" उत्तमरावांनी विचारलं.

"नवालाच. तुमी पारावर कोन दिसतं का ते पाहत व्हता तवा."

इतक्यात भिंगरी कण्हली, आणि तिच्या मागून हिरवट-काळं पाणी आलं. उत्तमरावांचा धीरच सुटला. "त्या बाई येईस्तोवर ही मरंल, गोजर! वीस वरसं म्हशी पाळल्या म्या. सर बाजूला!"

गोजरबाईंनी त्यांचं मनगट धरलं. घट्ट! "तीस वरसं ऐकलं तुमचं. आज न्हाई ऐकनार!"

दोघांच्या ओढाताणीत सुई हवेतच राहिली, आणि दारात स्कूटी थांबली. डॉक्टर मंजुषा पिशवी घेऊन धावतच ओसरीवर आल्या.

"काका, ती सुई आधी खाली ठेवा. काही टोचलंय का हिला?"

"न्हाई म्याडम. हिनं टोचू दिलं न्हाई."

"नशीब तुमचं! काकू, गरम पाणी आणि कोरडी फडकी आणा." हात धुऊन, हातमोजे चढवून, त्यावर जेली लावून मंजुषाताईंनी हलकेच तपासलं. "पिल्लाची मान वळलीय. वाटेतच अडकलंय."

"मंग जोर नको का लागायला?" दगडोबा अजून हटले नव्हते. "इंजेक्शननं कळा वाढल्या असत्या!"

मंजुषाताईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. "काका, दारात खाट आडवी अडकली आणि आतून दहा जणांनी रेटलं, तर काय होईल?"

"चौकट उखडंल."

"हिची पिशवी फाटली असती. आई गेली असती आणि पिल्लंही. खाट आधी सरळ करावी लागते, मग रेटायचं. आणि कधी रेटायचं, किती रेटायचं, ते तपासल्याशिवाय मलासुद्धा कळत नाही!"

दगडोबांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "मागच्या साली माझी शेळी अडली व्हती. मीच टोचलं. घटकाभरात पाय खोडून गेली. आमी म्हणलं, तिचं आयुष्यच तेवढं."

"ती तशानंच गेली का, हे मी न बघता सांगणार नाही," मंजुषाताई म्हणाल्या. "पण दाखवली असती तर कदाचित वाचली असती."

दगडोबा तिथंच भिंतीला टेकून बसले.

"काका, तुम्ही हिचं डोकं मांडीवर घ्या. बोला तिच्याशी!" मंजुषाताई उत्तमरावांना म्हणाल्या.

उत्तमराव बोलू लागले. "भिंगरे, माझे बाई, जरा दम धर. तुरीत डुकरं शिरलीत बघ. कोन हाकलनार त्याहीला?" त्यांचे डोळे भरून वाहत होते. भिंगरीला कळ आली की तिचं अंग त्यांच्या हाताखाली दगडासारखं कडक व्हायचं. मंजुषाताईंनी बोटानं मान सरळ केली, पुढच्या कळेची वाट पाहिली, खालच्या दिशेनं अलगद ओढलं आणि पिल्लू बाहेर आलं!

पण ते हललंच नाही. ओल्या बोळ्यासारखं पडून राहिलं. आणि भिंगरीला तर लगेच पुढची कळ आली!

"मला इथून हलता येत नाही. काका, तुम्ही घ्या! तोंडातला चिकटा पुसा. डोकं खाली धरा आणि फडक्यानं पाठ चोळा. झटकायचं नाही, गरागरा फिरवायचं नाही, नुसतं चोळायचं!"

उत्तमराव चोळू लागले. एक मिनिट. दोन मिनिटं. "म्याडम, हालून न्हाई राहिलं!"

"थांबू नका!"

"चोळा, उत्तमराव, चोळा!" आता दगडोबाही ओरडत होते. गोजरबाईंचे ओठ पुटपुटत होते. आणि एकाएकी त्या बोळ्यानं तोंड उघडलं. आवाज कसला, बारीकशी चिरकी! पण ओसरी दणाणली असती तरी उत्तमरावांना एवढा आनंद झाला नसता.

"जितं हाय! गोजर, जितं हाय!"

पुढची दोन पिल्लं आपोआप आली. मंजुषाताईंनी नाळा बांधल्या, गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पिल्लांजवळ ठेवली आणि बजावलं, "सगळ्यांना आजच पहिला चीक मिळाला पाहिजे. जे अशक्त आहे त्याला स्वतः सडाला लावा. म्हशीचं दूध नाही, गुळाचं पाणी नाही, आंघोळ तर मुळीच नाही. उद्या मी पुन्हा बघून जाईन."

"आन् हे डिंकाचे लाडू?" गोजरबाईंनी भीत भीत विचारलं.

"ते मला द्या. भिंगरीला भाकरी आणि उकडलेलं अंडं."

सगळे पोटभर हसले. उत्तमराव मात्र हसले नाहीत. त्यांनी भरलेली सुई उचलली. "म्याडम, एक विचारू? ही टोचल्यावर म्हशीला काय व्हतं?"

"कळा येतात, काका. तुम्ही दिवसातून दोनदा टोचत असाल तर दोनदा."

उत्तमरावांनी आपल्या हाताकडे पाहिलं. भिंगरीची कळ याच हाताखालून गेली होती. ते उठले, गोठ्यातल्या इंजेक्शनच्या बाटल्या आणल्या आणि डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवल्या. "हे घेऊन जा. आजपासून म्हशीचं पारडू आधी पिईल, उरंल ते माझं."

"दूध कमी व्हईल, उत्तमराव," दगडोबा म्हणाले.

"व्हऊ दे."

वाचकहो, उत्तमरावांची माया खोटी नव्हती. दगडोबांचीही नव्हती. तरी त्या मायेच्याच हातात त्या दिवशी मरण भरून ठेवलेलं होतं! मुक्या जिवाला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही, म्हणून त्याच्यावर हवा तो प्रयोग करायचा आणि तो मेला की नशिबाच्या नावावर खपवायचं, ही आपली सवय. ती आता सोडू या. ठाऊक नसेल तर हात आवरावा आणि ज्याला ठाऊक आहे त्याला वेळेवर बोलवावं, माया म्हणतात ती हीच.

निघताना दगडोबा आपला मोबाईल घेऊन गोजरबाईंपाशी आले. "वहिनी, त्या डॉक्टरीनबाईचा नंबर यात टाकून द्या. घरात दुसरी शेळी गाभण हाय."