अंगठ्यानं बसणारी गोळी

“अंगठ्यानं दाबली की गोळी आत बसली पाहिजे, व्हेल्डा. ठोकावी लागली तर गोळी चुकीची. आणि नळी उलटी केल्यावर आपणहून ओघळली, तर तिला हातसुद्धा लावू नकोस.”

नवऱ्याचा, डेन्झिलचा, हा आवाज तिच्या कानात जसाच्या तसा होता. दणदणीत, सावकाश. आता तोच डेन्झिल स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून एक वाक्य तीन तुकड्यांत बोलायचा, आणि दोन तुकड्यांच्या मधे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची.

व्हेल्डा मागच्या पडवीत उभी होती. गुरुवारची सकाळ होती, बाहेर कुंपणाच्या तारांवर हिमाचे मणी धरले होते. शनिवारपासून हंगाम उघडणार होता. तोंडाकडून भरायच्या बंदुकांना ओहायोच्या त्या डोंगरांत जानेवारीचे चार दिवस मिळत. नळीच्या तोंडातून आधी बंदुकीची दारू ओतायची, वर गोळी ठेवायची आणि गजानं ठासत खाली न्यायची. एकच बार. चुकला तर हरीण पुढच्या टेकडीवर.

दारू न घालता गोळी नुसती बसवून बघायची, ही डेन्झिलचीच शिकवण. त्याच्या जुन्या डबीत दोनच गोळ्या उरल्या होत्या, म्हणून तिनं हायवेवरच्या मोठ्या दुकानातून वीस गोळ्यांची नवी डबी आणली होती. तिनं एक शिशाची गोळी नळीच्या तोंडावर ठेवली आणि अंगठ्यानं दाबली. गोळी जागची हलली नाही. तळव्यानं दाबली, तरी नाही. मग न राहवून तिनं लाकडी मुठीनं एक ठोका दिला. गोळी बोटभर आत गेली आणि तिथंच अडकली. पुढे जाईना, मागे येईना.

व्हेल्डाला वाटलं, नळीला आतून गंजच चढलाय.

मागच्या जानेवारीत, त्याच चार दिवसांतल्या दुसऱ्या दिवशी, डेन्झिलनं एका गोळीत हरीण पाडलं, ते आयव्हाच्या घरी पोहोचवलं, घरी येऊन बंदूक पडवीच्या कोपऱ्यात उभी केली आणि बूट काढता काढता तो अर्धांगाच्या झटक्यानं उजव्या अंगावर कोसळला. काळ्या दारूची काजळी नळीत राहिली तर आठवड्यात गंज धरते, म्हणून बार काढला की त्याच संध्याकाळी गरम साबणाच्या पाण्यानं बंदूक धुवायची, हा त्या घरचा नेम. तीस वर्षांत कधी चुकला नव्हता. त्या संध्याकाळी चुकला. पुढचे दहा दिवस व्हेल्डा इस्पितळातल्या खुर्चीवर झोपली. दुसऱ्याच दिवशी डेन्झिलची जीभ जराशी सैल झाली, आणि त्यानं पहिलं विचारलं ते हेच.

“बंदूक... धुतलीस?”

“हो,” व्हेल्डा म्हणाली. त्याच्या जिवाला घोर नको, एवढंच तिच्या मनात होतं.

लहानपणापासून तिनं जिभेला खोटं लागू दिलं नव्हतं. घरी परतल्यावर बंदूक तिनं एका जुन्या चादरीत गुंडाळून कपाटात ठेवून दिली. उघडून आत बघायचा धीर तिला वर्षभर झाला नाही. त्या खोट्याच्या दिवसापासून तिनं कॉफीतली साखर मात्र सोडली. रोज पहाटे उठून एक स्तोत्र वाचायचं, मग कडू कॉफी प्यायची. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

आणि वर तिनं शब्द देऊन ठेवला होता. खोऱ्याच्या वरच्या टोकाला आयव्हा एकटी राहायची, चौऱ्याऐंशी वर्षांची. तिचा नवरा क्लेल गेला त्या वर्षापासून हंगामातलं पहिलं हरीण डेन्झिल तिला द्यायचा. मांस बरण्यांत शिजवून भरून ठेवलं की तिला ते शरद ऋतूपर्यंत पुरायचं. ऑक्टोबरात चर्चच्या जेवणाला व्हेल्डा तिच्या शेजारी बसली होती.

“आयव्हाबाई, यंदाही तुमचं हरीण येईल. मी आणीन.”

“अगं पोरी, आधी डेन्झिलला नीट उठू दे. मला काय, मी घेवड्यावर काढीन हिवाळा.”

“येईल म्हटलं ना.”

हे आठवून व्हेल्डानं बंदूक पुन्हा चादरीत गुंडाळली आणि ट्रकमध्ये ठेवली.

“कुठं... निघालीस?” डेन्झिलनं विचारलं.

“ऑरिनकडे. येते तासाभरात. सूप स्टोव्हवर आहे.”

ऑरिन टॅकेट शाळेत तिच्याच वर्गातला. टपाल कचेरीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो बंदुका दुरुस्त करायचा. गोळ्या खरं तर त्याच्याचकडून घ्यायच्या, पण त्यानं बंदुकीची चौकशी केली असती, म्हणून ती हायवेवर गेली होती. आता लाज गिळून त्याच्याच दारात उभं राहावं लागलं.

“कोण, व्हेल्डा? ये, ये. दार लाव, थंडी फुकट आत येतेय.” ऑरिननं चष्मा कपाळावर चढवला. चादर उलगडली, नळीच्या तोंडात नजर घातली आणि तो थांबला. “ही कुणाची करामत?”

“माझी.”

“आणि गोळ्या कुठून आणल्यास?”

तिनं डबी पुढे केली. डबीवरची चिठ्ठी बघून ऑरिननं असा सुस्कारा टाकला की मिशा हलल्या.

“हायवेवरून! जिथं गोळ्या आणि गवत कापायची यंत्रं एकाच खिडकीतून देतात तिथून. मी काय मेलो होतो?”

“तू विचारलं असतंस.”

“काय विचारलं असतं?”

व्हेल्डानं मान खाली घातली. मग हळू आवाजात तिनं सगळं सांगून टाकलं. त्या संध्याकाळी न धुतलेली बंदूक, इस्पितळातलं ते एक ‘हो’, वर्षभर न उघडलेलं कपाट. “आत गंजानं चाळण झाली असणार, ऑरिन. ती बंदूक म्हणजे त्याचा जीव. आणि परवा मला आयव्हाला हरीण द्यायचंय.”

ऑरिननं थट्टा बाजूला ठेवली. “नळीचं मागचं तोंड बंद करणारी मळसूत्री खीळ निघाली तर आतलं कळेल,” तो म्हणाला. “वर्षभर काजळीत बसली असेल तर ती निघायची नाही, हे आधीच सांगतो. मग नळी गेलीच समज.”

त्यानं बंदूक टेबलावरच्या शिकंज्यात धरली, खिळीला पाना लावला आणि दोन्ही पाय रोवले. व्हेल्डानं डोळे मिटले. ओठातल्या ओठात तिनं सकाळचंच स्तोत्र धरलं.

“अरे बापरे!” ऑरिन ओरडला.

तिनं डोळे उघडले. सगळा जोर लावायला वाकलेला ऑरिन तोल जाऊन शिकंज्यावर आदळला होता. पाना हातात तसाच होता आणि खीळ लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली होती. त्यानं ती बोटांनीच काढली. आटे स्वच्छ होते, आणि आट्यांत पांढरट चरबी भरलेली होती.

“हे ग्रीस माझं नाही,” ऑरिन म्हणाला. “डेन्झिलचंही नाही, तो माझ्याकडचं न्यायचा.” त्यानं हुंगून पाहिलं. “पुदिना?”

व्हेल्डानं खीळ हातात घेतली. मेणाचा, चरबीचा आणि पुदिन्याचा तो वास तिला पाठ होता. फुटलेल्या हातांना लावायचा तो लेप खोऱ्यातल्या प्रत्येक घराच्या खिडकीत असायचा. तिच्याही खिडकीत होता. बनवणारी एकच होती.

“आयव्हा,” ती म्हणाली, आणि स्टुलावर बसली.

ऑरिननं मागून गज घालून अडकलेली गोळी बाहेर ढकलली, नळीतून एक चिंधी फिरवली आणि नळी दाराकडे धरली. “ये, बघ.”

व्हेल्डानं डोळा लावला. आत खोल विहिरीच्या तळाशी दिसावं तसं गोल आभाळ होतं, आणि त्याच्याकडे वळत वळत जाणाऱ्या चकचकीत रेघा. कुठं एक ठिपका नाही. तिला हुंदका आला, पण तिनं तो नाकातून सोडून दिला.

“मग गोळी का जाईना?”

“कारण नळी जुनी आहे आणि गोळी नवी.” ऑरिनला आता सूर सापडला. “त्या काळी जो तो आपापल्या मापानं नळी कोरायचा. नावाला सगळ्यांचं माप एकच, पण ही केसभर अरुंद आहे. डेन्झिल दर नाताळच्या आठवड्यात इथं का यायचा असं तुला वाटतं?”

“तुझ्याशी गप्पा मारायला.”

“माझ्याशी गप्पा मारायला कुणी येत नाही, माझी बायकोसुद्धा नाही. तो गोळ्या दाबून न्यायला यायचा.”

त्यानं फळीखालून बोटभर उंचीची एक पोलादी कडी काढली. तिच्या बाजूला डेन्झिलच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेलं होतं. कडी दांड्याच्या यंत्रात बसवली, गोळीला किंचित चरबी लावली आणि दांडा व्हेल्डाच्या हाती दिला. तिनं तो खाली ओढला. गोळी कडीतून बारीक कुरकुर करत पलीकडे आली, कडेनं चांदीसारखी घासलेली. वीसच्या वीस तिनं स्वतः दाबल्या. ऑरिननं मधे फक्त एकदा तोंड घातलं, “सावकाश, लोणचं घालत नाहीयेस.”

खीळ परत बसली. व्हेल्डानं एक गोळी नळीच्या तोंडावर ठेवली आणि अंगठ्यानं दाबली. गोळी मऊपणे आत शिरली आणि कडेशी सपाट होऊन बसली. गजानं ती एकसारख्या दाबानं खाली गेली. मग ऑरिननं बंदूक उलटी केली, नळीचं तोंड जमिनीकडे, आणि दस्त्यावर दोन थापा मारल्या. दोघं वाट बघत राहिली. गोळी आपली जागा धरून होती. मग खीळ काढून ऑरिननं ती बिनदारूची गोळी बाहेर ढकलली आणि खीळ परत बसवली.

शेडमागच्या मातीच्या ढिगावर तिनं तीन बार काढले. गजावर डेन्झिलनं चाकूनं एक खूण केली होती. दारू आणि गोळी नीट तळाला बसली की ती खूण बरोबर नळीच्या तोंडाशी येते. तिन्ही वेळा आली. पहिला बार कागदाच्या डाव्या कडेला लागला, पुढचे दोन मधे, एकमेकांना चिकटून.

“पहिला माझ्यासाठी होता का?” ऑरिननं विचारलं.

“तुझ्यावर राग असता तर तोही मधेच लागला असता,” व्हेल्डा म्हणाली. वर्षभरात ती पहिल्यांदा कुणाला तरी उलटून बोलली असेल.

घरी येऊन तिनं पातेलंभर पाणी उकळलं, साबण विरघळवला आणि बंदूक थेट स्वयंपाकघरातच, डेन्झिलच्या समोर उघडली. काजळी पाण्यात उतरली तसा सडक्या अंड्यांचा तो ओळखीचा दर्प घरभर पसरला. डेन्झिल डोळे मिटून श्वास घेत होता, कुणी पाव भाजावा तसा.

“डेन्झिल,” तिनं नळीत चिंधी फिरवत म्हटलं, त्याच्याकडे न बघता. “मी तुझ्याशी खोटं बोलले. इस्पितळात. मी बंदूक धुतली नव्हती.”

“माहीत... होतं,” डेन्झिल म्हणाला.

तिचा हात थांबला.

“तू हात... धरला होतास माझा.” त्यानं डावा हात नाकाशी नेला. “नुसता... साबण. हा वास... दोन दिवस... जात नाही.”

“आणि तू काहीच बोलला नाहीस?”

“तू... दमली होतीस.” त्यानं पुढचं वाक्य गोळा केलं. “आयव्हा आली... भेटायला. तू... झोपली होतीस. तिला म्हटलं. क्लेलची बंदूक... तीच धुवायची. चाळीस वर्षं.”

किल्ली दाराच्या चौकटीवर असते हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. ऐंशी ओलांडलेली ती बाई हिमातून चालत आली असेल, रिकाम्या घरात पाणी तापवून ती बंदूक धुतली असेल, आपला लेप आट्यांत भरला असेल आणि होती तशी कोपऱ्यात उभी करून निघून गेली असेल. ऑक्टोबरात शेजारी बसून घेवड्याच्या गोष्टी सांगितल्या, पण ह्याचा एक शब्द काढला नाही.

व्हेल्डा ओल्या हातांनीच खुर्चीवर टेकली. वर्षभर छातीत धरून ठेवलेला श्वास कुठून कुठून निघत होता. ती रडत होती की हसत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

डेन्झिलनं डावा हात टेबलावर सरकवला. साखरेची बरणी पलीकडच्या टोकाला होती. बोटांनी ढकलत, दोनदा थांबत त्यानं ती व्हेल्डाच्या कपाशी आणून ठेवली.

“पुरे... आता,” तो म्हणाला.

म्हणजे त्यालाही दिसत होतं. तिनं एक चमचा साखर घातली, सावकाश ढवळली आणि घोट घेतला. इतकं गोड तिला सोसवेना, म्हणून ती पुन्हा हसली.

शनिवारी ती उजाडण्याआधी उठली. स्तोत्र वाचलं. शिकाऱ्यांची नारिंगी बंडी चढवली. डेन्झिलच्या उशाशी पाणी ठेवलं आणि त्याचं पांघरूण नीट केलं. तो जागाच होता.

“अंगठा,” तो म्हणाला.

“अंगठाच,” ती म्हणाली.

अंगणात उभं राहून तिनं दारू मोजून ओतली, गोळी ठेवली, अंगठ्यानं दाबली आणि गजानं खाली नेली. खूण नळीच्या तोंडाशी आली. खोऱ्याच्या वरच्या टोकाला आयव्हाच्या खिडकीत दिवा लागला होता. म्हातारी चूल पेटवत असणार. व्हेल्डानं तिकडे एकदा पाहिलं, फाटकाची कडी आवाज न करता काढली आणि ताज्या हिमातून ओकच्या झाडांच्या दिशेनं चढू लागली.