बादलीच्या बदल्यात

"नवस बोललीस की तो देवाच्या कानात सोडायचा आणि तोंड पुसून घ्यायचं. दुसऱ्या कुणाला कळला की तो नवस राहत न्हाई, त्याची गोष्ट होते."

हे माझी आई सांगायची, हळ्ळीखेडच्या घरी माझी वेणी घालताना. सांगून झालं की लक्षात राहावं म्हणून वेणीला एक हिसका द्यायची. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण नवस बोलताना अजून मान आपोआप मागं जाते.

दिवाळीनंतरच्या शनिवारी मी भालकीजवळच्या मेहकरच्या मारुतीला एकवीस शनिवार बोलले. शनिवारी एक वेळ अळणी जेवायचं, मूठभर काळे उडीद आणि पळीभर तिळाचं तेल आमच्या भालकीच्या गल्लीतल्या मारुतीला वाहायचं, आणि एकविसाव्या शनिवारी घरापासून अनवाणी निघून मेहकरला नारळ फोडायचा. मागणं एकच होतं. आमच्या घरातले दोघं एकमेकांशी बोलू देत. आधी कोण बोलेल ते मारुतीनं ठरवावं, मी त्यात पडत नाही.

दोघं म्हणजे आमचे हे आणि आमचा मुलगा विजयेंद्र. ह्यांनी तहसील कचेरीत चौतीस वर्षं काढली. विजयेंद्रनं दोन वर्षांपूर्वी चांगली सरकारी नोकरी सोडली आणि हैदराबादेत एका कंपनीत लागला. तिथलं काम म्हणजे लोकांनी काल काय घेतलं ते बघून उद्या काय घेतील ते सांगायचं.

हे म्हणाले, "म्हणजे लोकांच्या घरात डोकवायचं."

तो म्हणाला, "अप्पा, तुम्ही चौतीस वर्षं लोकांच्या जमिनीचे कागद बघितलेत, ते काय होतं?"

तेव्हापासून दोघांची बोलाचाली बंद. त्याचा फोन आला की हे टीव्हीचा आवाज वाढवायचे, आणि माझं बोलणं झालं की विचारायचे, "नीट जेवतो का, असं विचारलं का कुणी त्याला?"

नवस लपवणं मला जड गेलं नाही. माझे वारांचे, तिथींचे, महिन्यांचे नेम इतके की घरच्यांनी ते मोजणं कधीच सोडलं होतं. माणसांनी मोजणं सोडलं तर यंत्रानं ते हाती घेतलं.

बारा शनिवार नीट पार पडले. शुक्रवारी दुपारी ह्यांच्या फोनवर मेसेज आला आणि ह्यांनी तो चष्मा लावून मोठ्यानं वाचला. "व्यंकटेश सर, उद्या तुमचा तेरावा शनिवार. काळे उडीद आणि तिळाचं तेल संपलं असेल. एकवीस शनिवारांच्या भक्तांना खास सवलत. आता फक्त नऊ उरले."

माझ्या हातातली परात खाली ठेवायला मला जरा वेळ लागला.

"अगं, मी कसले शनिवार धरलेत?"

"तुम्ही कुठले धरताय," मी म्हटलं. खोटं बोलायचं नाही हाही माझा एक नेम आहे, त्यामुळं मला खरं बोलूनच निसटावं लागतं. त्याला डोकं जास्त लागतं.

चूक माझीच होती. बसस्टँडच्या रस्त्यावर शरणबसवनं मार्ट काढलंय. सामान घेतलं की काउंटरवर नंबर विचारतात, न्हाईतर निळं कार्ड मागतात. मला ह्यांचाच नंबर पाठ. माझा मला कधी लावावा लागला नाही. म्हणून बारा शुक्रवार उडीद घेतले मी आणि पुण्य चढत गेलं ह्यांच्या नावावर.

आता हे गप्प बसणाऱ्यातले नव्हेत. न्हाणीघरातली निळी बादली धुऊन, पुसून बाहेर आणली. मार्ट उघडलं तेव्हा कार्ड काढणाऱ्याला ती फुकट मिळाली होती. "ही त्यांची त्यांना परत. चल."

मी सोबत गेले. जाणं भागच होतं. तिथं कुणी ह्यांना खरेदीची यादी वाचून दाखवली असती तर हे कचेरीतले माणूस, दोन मिनिटांत छडा लावला असता. मग बारा शनिवारांचं अळणी जेवण वाया आणि दोघांचा अबोला होता तिथंच.

ह्यांनी बादली काउंटरवर ठेवली. "शरणबसव, ही घ्या तुमची बादली. आणि माझं नाव काढून टाका."

"सर, नाव आता माझ्याकडं कुठाय? ते बेंगळूरच्या कंपनीकडं गेलंय."

"कुणाला विचारून गेलं? आता त्याचा कायदा झालाय. माणसाची संमती लागते."

शरणबसव गरीब स्वभावाचा माणूस. त्यानं खालच्या खणातून एक कागद काढला, उलटा केला आणि ह्यांच्यापुढं सरकवला. मुंग्यांची रांग जावी तसे बारीक इंग्रजी अक्षरांच्या ओळींवर ओळी, आणि तळाला ह्यांची सही. वळणदार, खाली दोन ठिपके. चौतीस वर्षं ज्या माणसानं वाचल्याशिवाय एक कागद पुढं सरकवला नाही, त्याची सही.

ह्यांनी सहीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मला सही परत द्या."

"सर, बादली ठेवून घ्यावं ओ. सही काय परत करता येत न्हाई. पाहिजे तर काय काय गेलंय ते सांगतो, दर शुक्रवारी..."

"शरणबसवअण्णा," मी हळूच म्हटलं, "तुमच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणे. चालायल्यात का आता?"

ऑपरेशन खरंच झालं होतं आणि मला खरंच विचारायचं होतं. शरणबसव पंधरा मिनिटं गुडघ्यावर बोलला. यादी राहिली. बादली घेऊन आम्ही घरी आलो, तर ह्यांनी ती न्हाणीघरात न ठेवता मागच्या अंगणात उपडी घातली.

पण पुढच्या शुक्रवारी मेसेज पुन्हा आला. चौदावा शनिवार. मी आता उडीद आणि तेल काशप्पाच्या घाण्यावरून आणायला लागले होते. काशप्पाला कालचं गिऱ्हाईक आज आठवत नाही, फार सोयीचा माणूस. तरी मार्टचं यंत्र मागचं धरून पुढचं मोजतच होतं. नुसतं थांबून भागणार नव्हतं. त्याची मोजणीच चुकवायला पाहिजे होती.

शेजारच्या चंद्रभागाबाईला मी भिंतीवरून हाक मारली. दारात चार म्हशी, घरात अंकुशरावांचा दरारा, आणि तिला साखरेचा आजार.

"चंद्रभागाबाई, रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला येताना मार्टचं निळं कार्ड आणा. सगळ्याजणींना तसंच सांगा."

"कामून वो?"

"कामून ते विचारू नका."

ती थोडी जवळ आली. "न्हाई इचारत. पर माझं बी कुनाला सांगू नका. मी गुलाबजामच्या पिठाची पाकिटं नेली की मालकाच्या फोनवर टिंग वाजतंय. 'अंकुशराव, गुलाबजाम आवडलं का?' मालक घरात येऊन डबं हुंगायलेत. लगीन होऊन तीस वरसं झाली, आतापतूर कदी सापडले न्हवते."

रथसप्तमीला अठरा बायका आल्या. तिळगूळ, हळदीकुंकू, ओटी, सगळं रीतीप्रमाणं झालं. मग मी मधोमध सूप ठेवलं आणि म्हटलं, "यंदा वाण विकत आणलं न्हाई. आपापलं कार्ड सुपात टाका आणि लुटा. स्वतःचं हाताला लागलं तर परत टाकायचं."

बायकांना वाण लुटायला शिकवावं लागत नाही. बसलिंगप्पाची सून हेमावती, तिचं गल्लीच्या तोंडाशी ब्यूटी पार्लर आहे, तिनं विचारलं, "अक्का, पॉइंट कुणाचे कुणाला जातील मग?"

चंद्रभागाबाई म्हणाली, "आत्तापतूर तुला किती आले ग त्यातनं? एक साबनाची वडी. ती बी वासाची न्हाई."

सूप रिकामं झालं. माझ्या हाती चंद्रभागाबाईच्या घरचं कार्ड आलं, आणि ह्यांचं कार्ड गेलं हेमावतीच्या पर्समध्ये.

पुढचे तीन आठवडे गल्लीत जे चाललं ते मी देवासमोर हात जोडून ऐकत होते. मी माझी वरई, राजगिरा, साबुदाणा चंद्रभागाबाईच्या घरच्या कार्डावर घेत होते. अंकुशराव तंबाखू मळत ओट्यावर आमच्या ह्यांना सांगत, "सायेब, मला मटनाबिगर घास उतरत न्हाई, आन् हे मला एकादशीच्या शुभेच्छा द्यायलंय. राजगिऱ्याचं लाडू खावा म्हनतंय."

चंद्रभागाबाई आतून म्हणाली, "खावा की. काय वंगाळ सांगायलंय का?"

ती आता कुणाच्या तरी वेगळ्याच कार्डावर सुखानं गुलाबजाम करत होती.

ह्यांचे शनिवार तर यंत्र पार विसरलं. त्याऐवजी मेसेज यायला लागले ते ह्यांनी मला वाचून दाखवले नाहीत. मी चष्मा पुसायला घेतला की फोन उलटा ठेवायचे. शेवटी सतराव्या शनिवारी संध्याकाळी दिवा लावून मी स्वयंपाकघरात आले, तर बाहेरून ह्यांचा आवाज आला. फोन लावलेला, आणि नेहमीप्रमाणं स्पीकरवर.

पलीकडून कुणीतरी दबकत म्हणालं, "अप्पा?"

माझ्या हातात डाव होता. तो तसाच राहिला.

"अप्पा म्हण न्हाईतर मॅडम म्हण," हे म्हणाले. "तुमच्या लोकांनी मला आता बाई करून टाकलंय."

"काय झालं?"

"वाचतो, ऐक. 'प्रिय व्यंकटेश मॅडम, लग्नसराई आली. नवरीच्या मेकअपचं सामान आणि भुवयांचा दोरा, दोन्हीवर सूट.' परवाचा आहे. त्याच्या आधीचा, 'मॅडम, केसांना बर्गंडी रंग शोभून दिसेल.' मला. ह्या डोक्याला."

पलीकडं आधी खोकला ऐकू आला. खोकला नव्हता, हसू होतं. मग ते लपेना.

"हसू नकोस. पहिल्यापासून सांगतो." आणि ह्यांनी कचेरीत टिपण वाचावं तसं तारीखवार वाचलं. तेरावा शनिवार, काळे उडीद, तिळाचं तेल, उरले नऊ, आणि शरणबसवचं अर्धवट राहिलेलं 'दर शुक्रवारी'.

हसू थांबलं. "अप्पा, परत वाचा. दर शुक्रवारी? दिवाळीपासून?"

"असं ते म्हणतात. मी जन्मात उडीद विकत घेतले न्हाईत."

हा त्याच्याच कामाचा भाग. काय घेतलं त्यावरून कोण आणि कशासाठी, ते ओळखायचं. मी चुलीकडं तोंड करून उभी होते. भाजी खाली लागायचा वास येत होता, पण हलावंसं वाटेना.

"आई कुठाय?" त्यानं विचारलं.

"आत. का?"

"काही न्हाई." मग म्हणाला, "अप्पा, सिस्टीम चुकली असणार. होतं असं."

"चौतीस वर्षांत आमच्या कचेरीत असं कधी झालं न्हाई."

"झालं असेल. तेव्हा मेसेज येत नव्हता."

आता खोकला ह्यांना आला. मी ओळखते तो खोकला. बराच वेळ चालला. मग घसा साफ करून हे म्हणाले, "बरं ते राहू दे. जेवतोस का नीट?"

मी भाजी उतरवली. करपलीच होती. मी ती तशीच खाणार होते, अळणी.

नाव काढून घ्यायला अर्ज करता येतो म्हणे. तो कसा करायचा ते विजयेंद्र सांगणार आणि मसुदा हे करणार. आता रोज संध्याकाळी सात वाजता फोन होतो. एक कलम आज बदलतं, एक उद्या. अर्ज अजून गेलेला नाही. जाईल तेव्हा जाईल. ह्यांना घाई दिसत नाही, आणि त्यालाही नाही.

मला एकच रुखरुख होती. त्यानं ओळखलं, मग नवस राहिला का? विचार केला तेव्हा वाटलं, तो ओळखेपर्यंत दोघं बोलून चुकले होते. मारुतीनं मागणं आधी पुरं केलं, मग त्याला कळू दिलं. आणि कळूनही तो त्याची गोष्ट करत नाही, माझ्या वेणीचा हिसका त्यालाच बसल्यासारखा गप्प आहे.

विसाव्या आठवड्यात त्यानं मला वेगळा फोन केला. हे-ते बोलून झाल्यावर म्हणाला, "आई, शनिवारी कुठं जाणार असलीस तर फोन घरी ठेवून जा. फोन सोबत चालतो आणि कुठं कुठं चालला ते लिहून ठेवतो."

"मी कुठं जाणार, असं कोण म्हणालं?"

"कुणी न्हाई," तो म्हणाला. "उन्हं वाढायल्यात, एवढंच सांगायलोय. पाय भाजतील."

आज एकविसावा. अंगणातली बादली मी सरळ केली, पाय धुतले आणि भिंतीवरून फोन चंद्रभागाबाईच्या हातात दिला.

"आज दिवसभर हा तुमच्या गोठ्यात असू दे."

"म्हशीसंगं?"

"म्हशीसंगं."

तिनं विचारलं नाही. फोन घेऊन पदराखाली घातला. "मग आज यंत्र तुम्हाला पेंड घ्यायला सांगणार बगा."

पिशवीत नारळ, काशप्पाकडचं तेल, उडीद आणि आधार कार्ड. कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे, कंडक्टर कार्ड बघेल. बघू दे. मी राहते कुठं ते तो बघतो, जाते कशाला ते विचारत नाही.

शनिवारी त्याला सुट्टी, फोन सकाळीच असतो. बाहेरच्या खोलीत हे पाठमोरे बसले होते, फोन कानाला न लावता समोर धरलेला. "तिसरं कलम जरा सौम्य कर म्हणतोस? विजू, सौम्य अर्जाला कुणी उत्तर देत न्हाई."

"अप्पा, रागाच्या अर्जाला तर देतच न्हाईत."

मी चपला दाराआड सरकवल्या आणि आवाज न करता कडी काढली. फरशी संपली तिथं माती अजून गार होती.