तिसऱ्या गिअरचा दांडा

लढाई संपली, लष्कराने जुने ट्रक लिलावात काढले. सांगलीच्या एका अडत्याने त्यातला एक घेतला आणि त्यावर मला बसवलं, कारण बर्म्यात मी असलीच गाडी हाकली होती. केबिन कसली, कोंबड्यांचं खुराडं! मधे इंजिनाचा डबा, त्याने मांडी भाजते. आणि गिअरचा दांडा पार कमरेच्या मागे. तो तिथे बसवणाऱ्या शहाण्याला एकदा पसरणीचा घाट उतरायला लावला पाहिजे.

या गाड्यांची खोड एकच. गिअरपेटीचे दात झिजले की उतारावर तिसरा गिअर निसटतो आणि गाडी मोकाट सुटते. म्हणून बर्म्यात शेजारी दुसरा गडी असे, दोन्ही हातांनी दांडा दाबून धरायला. माझा गडी नाथाजी, पसरणीचा. इकडचे ड्रायव्हर दांडा सुंभाने बांधतात. मला कधी बांधावा लागला नाही. वर्षभर पाचगणीचे बटाटे एकट्याने सांगलीला नेले, दांडा एकदाही निसटला नाही.

दादासो मिस्त्रीने पेटी उघडली आणि कपाळाला हात लावला. "मानसिंगराव, ह्याला दातच ऱ्हायलं न्हाईत. गिअर टिकतोय कसा?"

काय सांगणार? उतार लागला की माझ्या हाताखाली आणखी एक हात येतो, हे? शेजारच्या सीटकडे मी बघतच नसे.

मार्गशीर्षात पाचगणीच्या नाक्यावर बनुबाई उभी दिसली. नाथाजीची आई. बर्म्याहून आलो तेव्हा मी तिला सांगितलं होतं, नाथा तापाने गेला, झोपेतच गेला. एवढं खोटं बोलून वर तिच्या हातची भाकरी खाल्ली होती.

"गावापतोर सोड रं बाबा," ती म्हणाली. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

घाट सुरू झाला. दांडा थरथरायला लागला तशी ती वाकली. "नाथाच्या पत्रात असायचं, मानसिंग गाडी हाकतो, मी दांडा धरतो. ह्योच का त्यो?" आणि मी अडवायच्या आत तिने दांड्याच्या मुठीवर हात ठेवला.

तिची बोटं मुठीवर चाचपत फिरली. मग हळूच म्हणाली, "ह्या करंगळीला पेर न्हाई."

लहानपणी गवत कापताना नाथाजीच्या करंगळीचं पेर विळ्याने गेलं होतं. मी वळणापुढे गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. गाडी तिसऱ्यातच होती.

"तापानं गेला म्हनालास," बनुबाई म्हणाली. "मग हितं काय करतोय?"

"ब्रेक गेलं व्हतं, मावशी. मी वरडलो, नाथा, धर, सोडू नगंस. आन् मी दारातनं उडी टाकली."

"त्याला सोड म्हनला न्हाईस?"

"न्हाई."

तिने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. मी वाट बघत होतो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पोर पहिल्यापास्नं असंच," ती म्हणाली. "बैल धर म्हनलं की धरून उभं. सोड म्हनल्याबिगर सोडायचं न्हाई." मग दुसरा हातही तिने मुठीवर ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "नाथा, सोड आता. गाव आलं, बाळा. सोड."

खट् आवाज झाला. बंद गाडीतला दांडा आपोआप गिअरमधून निसटून मधे आला.

बनुबाई खाली उतरली. "मी चालत जाते," म्हणाली. पदर डोक्यावर घेऊन ती घाट उतरू लागली. एकदा तिने वाटेच्या कडेला सरकून बाजूला जागा केली, दोघांनी चालायला लागते तेवढी.

ती दिसेनाशी झाल्यावर मी सीटखालचं सुंभ काढलं आणि दांडा बांधला. चांगला सात वेढे घालून बांधला. तरी पहिल्याच उताराला निसटला.