उसवलेली लेस

टाकवे गावात क्रोशाची लेस विणावी तर बदरुन्निसा मावशीनंच. नवी नवरी असताना भामाबाईला सुई धरायला तिनंच शिकवलं. पुढं तीस वर्षं दोघी एकाच ओट्यावर विणत बसल्या. तयार लेस भामाबाई लोणावळ्याच्या दुकानात पोचवायची, आणि त्यावर दोन्ही घरांच्या चुली पेटायच्या.

दिवाळीच्या सुमारास मावशीचे टाके चुकायला लागले. कुठं दोन जास्त, कुठं एक गायबच. भामाबाईच्या ते लगेच ध्यानात आलं. आता बाईनं सरळ सांगून टाकावं की नाही? पण छे! जिनं शिकवलं तिलाच कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि ऐकून मावशीनं सुईच खाली ठेवली तर? मग भामाबाईनं अक्कल पाजळली. मावशीची लेस घरी न्यायची, दुपारभर बसून उसवायची, त्याच दोऱ्यानं पुन्हा विणायची आणि दुकानात द्यायची. मावशी दर खेपेला विचारायची, काही खोट निघाली का? भामाबाई म्हणायची, छे हो, दुकानदार तुमचंच नाव काढतो. केवढं पुण्य केल्यासारखं वाटायचं तिला.

संक्रांतीला गावात डोळ्यांचं शिबिर आलं. मावशीचा मुलगा नवाज हात धुऊन मागं लागला, तर मावशीनं त्याला उडवूनच लावलं. माझी लेस बिनखोट जातीय, माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? भामाबाई शेजारीच बसली होती. पण तोंडातून एक शब्द काढला नाही मेलीनं.

चैत्रात मावशी भरदिवसा उंबऱ्याला अडखळून पडली, तेव्हा नवाजनं तिला तळेगावला नेलं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. गेलेली नजर परत येत नसते, डॉक्टर म्हणाले. दोन-तीन महिने आधी आणलं असतं तर कामापुरती तरी वाचवता आली असती.

भामाबाई भेटायला गेली ती रडतच. सगळं कबूल केलं, काही हातचं राखलं नाही. मावशीनं ऐकून घेतलं, मग चाचपत तिचा हात धरला.

"शिबिराच्या आधीपासनं उसवत व्हतीस?"

"व्हय, मावशी. तुमचं मन मोडंल म्हनून..."

मावशीनं हात सोडला.

"मन कशाला राखलंस गं माझं? डोळं राखायचं व्हतंस."

भामाबाई तिथंच बसून राहिली, आणि मावशी भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.