गालातले खिळे

सोफे शिवायच्या त्या कारखान्यात धाकट्याला सगळे ‘खिळेतोंड्या’ म्हणत. बारीक खिळे उजव्या गालात धरायचे आणि एकेक ओठांवर आणून ठोकायचा, ही त्याची रीत. डाव्या गालात तंबाखू. ती सवय त्याला थोरल्या भावाने, म्हणजे कारखान्याच्या मालकानेच लावलेली. त्याला सगळे दादा म्हणत.

धाकट्याच्या गालात जखम झाली तेव्हा दादा बिनघोर म्हणाला, “खिळा लागला असणार. गुळण्या कर.”

महिने गेले, जखम भरेना. धाकट्याची बायको कारखान्यातच येऊन उभी राहिली. “दादा, यांना घास गिळवत नाही. मोठ्या दवाखान्यात नेऊ या.”

“नाट्यगृहाच्या खुर्च्यांची ऑर्डर आहे, ती एकदा जाऊ दे, मग नेऊ. उगाच राईचा पर्वत करू नकोस.”

खुर्च्या गेल्या, मग ते दवाखान्यात गेले. तपासण्या झाल्या. तोंडाचा कॅन्सर निघाला.

“पण ही तर खिळ्याची जखम,” दादा म्हणाला.

“खिळे कुठल्या गालात धरतात हे?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“उजव्या.”

“जखम डाव्या गालात आहे. आणि खिळ्याची असती तर दोन-तीन आठवड्यांत भरली असती. तेव्हाच आला असता तर थोडक्यात भागलं असतं. आता जबड्याचा तुकडा काढावा लागेल, वर किरणोपचार. त्यात खंड पडू द्यायचा नाही. आणि तंबाखू सुटली नाही तर सगळं पाण्यात.”

दादाचा हात खिशातल्या तंबाखूच्या डबीवर होता. तो त्याने हळूच बाहेर काढला. कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघितलं. भावजयीने पाहिलं होतं.

ऑपरेशननंतर धाकटा काहीतरी पुटपुटला. बायकोने कान लावला आणि दादाकडे न बघता सांगितलं, “विचारतायत, खुर्च्या वेळेवर पोचल्या ना?”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं दादाला झालं. भावाने शिव्या घातल्या असत्या तर त्याने त्या गोड मानून घेतल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी जुना कारागीर कारखान्यात म्हणाला, “दादा, माझ्याही तोंडात पांढरा चट्टा आलाय. हा सोफा होऊ दे, मग दाखवतो.”

दादाने त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली. “सोफा मरू दे. आत्ता चल.” डबी कचऱ्यात टाकून त्याने कारखान्याला कुलूप लावलं आणि सगळ्यांना दवाखान्यात नेलं. पहिलं तोंड त्याने स्वतःचं उघडलं.

धाकट्याला किरणोपचारांना आता रोज दादाच नेतो. भाऊ वाचेल का, हे डॉक्टरीणबाई अजून सांगत नाहीत.

मंडळी, माल उशिरा गेला तर गिऱ्हाईक चार शब्द बोलेल, ते ऐकून घ्या. न भरणारी जखम मात्र आजच दाखवा.