जोडलेल्या पानांचं पुस्तक

मी बोलतोय, सावळीरामांच्या लोखंडी कपाटाच्या वरच्या खणातून. मी विमानांवरचं पुस्तक आहे म्हणे. मला कितीतरी वर्षं त्याची खात्री नव्हती, कारण माझ्या पोटात काय लिहिलंय ते मलाच ठाऊक नव्हतं.

त्याचं असं झालं, छापखान्यात माझ्या पानांच्या कडा कापायच्याच राहिल्या, पानं एकमेकांना जोडलेलीच राहिली. बाकीच्या प्रती खपल्या नाहीत, त्यांच्या पुड्या झाल्या. दुसरी आवृत्ती निघालीच नाही, तरी मला सगळे 'पहिली आवृत्ती' म्हणतात. आणि जोडलेल्या पानांमुळे तर मी फारच मोलाचा! माणसांचं डोकं कसं चालतं, देव जाणे.

सावळीराम सरकारी कचेरीत कारकून. विमानात कधी बसले नाहीत, पण ओझरच्या विमानतळाकडून एखादं विमान आलं की पंचवटीच्या भाजीबाजारात मान वर करून उभे राहायचे. तोवर पिशवीतली मेथी गाय खाऊन जायची. छंद एकच, विमानांवरच्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या गोळा करायच्या, त्याही लेखकाच्या सहीच्या. १९७४ साली त्यांनी मला रद्दीच्या दुकानातून उचललं. माझ्या पहिल्या पानावर माझे लेखक कॅप्टन गुप्ते यांची झोकदार सही होती.

पिंपळगावचे द्राक्षांचे व्यापारी कोंडाजी यांनाही हाच नाद. त्यांना माझं सुख बघवेना.

"सावळीरामभाऊ, सही खरी कशावरून? अटेस्टेड हाय का?"

कारकुनाला याहून मोठी शिवी नाही. दुसऱ्याच दिवशी मोठ्या साहेबांनी मला न उघडता 'सही खरी आहे' असं लिहून शिक्का मारला. कोंडाजी म्हणाले, "अन् या साहेबाची सही कशावरून खरी?" मग त्या सहीखाली दुसऱ्या साहेबाची सही, तिच्याखाली तिसऱ्याची. गुरांच्या डॉक्टरांनी तर सवयीने 'निरोगी' असंही लिहिलं. काही वर्षांत कॅप्टनांची सही जांभळ्या शिक्क्यांखाली दिसेनाशी झाली.

आणि एक दिवस कळलं, खुद्द कॅप्टन गुप्ते इंदिरानगरला मुलीकडे राहायला आलेत. सावळीरामांनी त्यांना चहाला बोलावलं, मुद्दाम कोंडाजींसमोर. कॅप्टन आता पार म्हातारे झाले होते. कागदावर सही केली, ती मुंगी चालल्यासारखी आली.

"शिक्क्यांखालची सही मला याद हाय. जुळत नाय," कोंडाजी म्हणाले. "मानूसच बोगस हाय."

कॅप्टन रागावले नाहीत. घाबरले. "असेलही. मला हल्ली काही आठवत नाही हो. सगळे सांगतात, मी विमान चालवायचो. माझ्याकडे प्रतसुद्धा उरली नाही. जरा वाचून दाखवता? मीच तो का, ते तरी कळेल."

सावळीरामांना घाम फुटला. वाचायचं तर पानं कापायला हवीत.

"कापू नका!" कोंडाजी ओरडले. "लय मोलाची वस्तू हाय, माती होईल!"

विमलाबाई, म्हणजे सावळीरामांच्या मंडळी, आत गेल्या आणि विळी घेऊन आल्या. "अहो, म्हातारं माणूस दारात आलंय. कापा."

सावळीराम उकिडवे बसले आणि त्यांनी मला विळीवर धरलं. दुखलं, खोटं कशाला बोलू? शिवाय कांद्याचा वास लागला तो कायमचाच.

विमलाबाई अडखळत वाचू लागल्या. मीही कान देऊन ऐकत होतो. उड्डाणाआधी भीतीने कॅप्टनांच्या पोटात गोळा यायचा, आणि एक मेकॅनिक खिडकीतून गुपचूप ओवा द्यायचा. त्या मेकॅनिकचं नाव... पान संपलं. पुढचं जोडलेलं होतं.

"पुंजा," कॅप्टन म्हणाले.

सावळीरामांनी पान कापलं. पहिलाच शब्द, पुंजा.

कॅप्टन लहान मुलासारखे रडले. कोंडाजींनी कशावरून म्हणून विचारलं नाही.

मग दर रविवारी कॅप्टन येत, थोडी पानं कापली जात. शेवटची काही पानं उरली होती, तेव्हा एका रविवारी ते आले नाहीत. मुलीचा निरोप आला, गेले.

त्याला चार वर्षं झाली. ती पानं कापायला सावळीरामांचा हात धजत नाही. कोंडाजीही म्हणतात, "राहू द्या." मोलाचा विचार आता दोघांच्याही मनात नाही, हे मला कळतं. पण मला राहवत नाही हो. कापलेल्या शेवटच्या पानावर दाट धुकं आहे, पेट्रोल संपत आलंय, धावपट्टी दिसत नाही आणि कॅप्टन अजून वरच आहेत.

विमलाबाई, विळी आणा. त्यांना खाली उतरवा.