मधेच थांबणारी गाडी

"आई, डबा सांभाळा!" मी ओरडले, पण तोवर शंकरपाळे पार गिअरपर्यंत सांडले होते. वलगावच्या अलीकडे, सरळ मोकळ्या रस्त्यावर, समोर चिटपाखरू नसताना आमच्या नव्या गाडीनं करकचून ब्रेक मारला होता. गाडीनं मारला, नीट ऐका. आमच्या ह्यांनी नाही.

"म्या पाय बी ठेवला नाई वं शकुन," हे म्हणाले. "आपल्या मनानंच थांबली."

मागे बसलेल्या माझ्या सासूबाई, पार्बताबाई, कपाळ चोळत म्हणाल्या, "नजर हाये, देवानंद. म्या कवाची सांगून राहिली. घोड्याची नाल लहान पडून राहिली तिले."

मागून येणारा ऑटोवाला कसाबसा बाजूनं निघाला आणि जाताजाता ओरडला, "ओ काका, झोप येऊन राहिली असन तं घरी झोपा ना!"

ह्यांनी मान खाली घातली. त्या माणसाला मी असं मान खाली घालून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मला त्या गाडीचा असा राग आला, की वाटलं खाली उतरून तिला दोन लाथा घालाव्यात.

आमच्या गावात गाडी म्हणजे देवानंद, हे लेकराला विचारलं तरी सांगेल. संत्र्याचा बगीचा सगळ्यांचाच आहे, पण जीप फक्त आमच्याकडे होती. कुणाला कळा येवोत, कुणाला साप चावो, आमचं दार वाजायचं आणि हे शर्टाची बटणं लावत लावत निघायचे. गावातली प्रत्येक नवरी ह्यांच्या जीपमधूनच सासरी गेली. पोरगी हमसून हमसून रडायची. हे गावच्या शिवेवर गाडी थांबवायचे, तिला मागं वळून गाव पाहू द्यायचे, आणि मग निघायचे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

जीप म्हातारी झाली, तिचे पार्ट मिळेनात. संत्र्याचा अंबिया बहार चांगल्या भावानं गेला, तेव्हा सगळे मागे लागले, आता मोठी गाडी घ्या. गाडी पारखायला अमरावतीला शेजारच्या पुंजाजींना सोबत नेलं. पुंजाजींनी आयुष्यभर बैल पारखलेले. त्यांनी दारं आपटली, पत्र्यावर टिचक्या मारल्या, टायरला लाथ घातली, मग उकिडवं बसून खालून पाहिलं. शोरूमची पोरं तोंडावर हात धरून हसत होती.

"पत्रा पातय हाये," पुंजाजी म्हणाले, "पन खानदानी वाटते."

विकणारा पोरगा म्हणाला, "काका, ही गाडी समोर काही आलं तर स्वतः पाहते आणि स्वतः थांबते."

"म्हंजे माह्यापेक्षा बरी," पुंजाजी म्हणाले. "मले तं मोतीबिंदू हाये!"

आम्ही सगळे पोट धरून हसलो, पेढे खाल्ले आणि त्या पोराचं बोलणं तिथंच सोडून आलो.

घरी आल्याबरोबर सासूबाईंनी जुन्या जीपची नाल सोडून आणली. काळ्या घोड्याची, अस्सल. लिंबू, मिरच्या आणि बिब्ब्यासोबत काळ्या दोऱ्यात ओवून नव्या गाडीच्या जाळीवर मधोमध लटकवली. "याच नालेनं जीप चालली," त्या म्हणाल्या. आम्हालाही तेच खरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

आणि आठवड्यातच गाडी मधेच थांबायला लागली. थांबली की सासूबाई म्हणायच्या नजर, आणि आणखी मोठी नाल शोधून आणायच्या. शेवटची तर एवढी जड होती की खड्ड्यात गाडी गेली की समोर खणखण आवाज यायचा.

शोरूममध्ये कितीदा नेली! नेण्याआधी हे गाडी स्वच्छ धुवायचे आणि नाल सोडून डिक्कीत टाकायचे. "शयरातले पोट्टे हासतात," म्हणायचे. तिथं ती गाय होऊन चालायची. तिथला साहेब म्हणाला, "काका, गाडीत काहीच दोष नाही. वय झालं की पाय चुकून ब्रेकवर जातो." ते ह्यांच्या फार जिव्हारी लागलं. घरी येताना एकदम हळू चालवली, आणि येऊन मला विचारलं, "शकुन, माह्या पायाचं काई खरं हाये का वं?"

गावाला कळायला किती वेळ लागतो? गावातल्या रोहितची बायको बाळंतपणात अडली, तेव्हा रोहित आमच्या दारावरून पळत गेला आणि दुसऱ्या गावची गाडी घेऊन आला. हे ओट्यावर चावी हातात घेऊन बसलेले होते. रोहितनं वर पाहिलं नाही. त्या दिवशी हे जेवले नाहीत, आणि मीही नाही.

त्यात आमच्या दामिनीचं लग्न तोंडावर आलं. सासर अकोल्याचं, जावई शिवम गुणाचा पोरगा. लग्न आमच्या दारी. पण त्याचे काका किशोरराव फोनवर म्हणाले, "व्याहीबुवा, नवरीले आमच्याच गाडीत आनू. तुमची ते थांबते म्हन्ते ना मधातच?"

दामिनीनं ते ऐकलं. "बाबा, गावातल्या साऱ्या पोरी तुमच्या गाडीत गेल्या. मी काहून नाई?"

हे रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी म्हणाले, "अकोल्याचा एक जन गाडी घ्याले तयार हाये. आजच देऊन टाकतो. माह्या हातानं माह्या पोरीले काई झालं तं?"

आडवं बोलण्यात मी गावात पहिली आहे, पण त्या दिवशी आडवी गेले नाही. म्हटलं, मीही येते. त्यांनी गाडी धुतली, नाल सोडून डिक्कीत टाकली, आणि आम्ही निघालो. बडनेरा मागे पडलं. गाडी अशी चालली होती की पोटातलं पाणी हलत नव्हतं. मला संताप आला.

"पाहा कशी चालते भवानी! शहरात जायचं म्हटलं की हिला काही होत नाही. गावात असली की थांबते."

"हाव ना. शोरूमले नेली तवाबी अशीच."

"मग शहरात जाताना आपण वेगळं काय करतो?"

"काय करतो? धुतो फक्त."

"आणि नाल सोडता."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गाडी बाजूला घेतली. शोरूमचा तो पोरगा, पुंजाजींचा मोतीबिंदू, सगळं मला एकदम आठवलं. गाडी समोरचं पाहते. आणि आम्ही तिच्या नाकासमोर लोखंड लटकवून ठेवलं होतं!

ह्यांनी नाल बांधली. मागं पुढं पाहून मोकळ्या रस्त्यावर गाडी जोरात सोडली. खणखण, खणखण, आणि खाड्कन ब्रेक. माझं नाक पुढे आपटता आपटता राहिलं. उतरून सोडली. पुन्हा त्याच रस्त्यानं आणली, तर गाडी सरळ. पुन्हा बांधली, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा बांधायला लागले, तेव्हा मीच हात जोडले, "पुरे हो, माझी मान मोडेल!"

आणि हा माणूस, लग्नात कधी नाचला नाही तो, भर रस्त्याच्या कडेला हात वर करून नाचला. "माहा पाय चांगला हाये वं! माहा पाय चांगला हाये!" ट्रकवाले हॉर्न वाजवत जात होते. मी पदरानं डोळे पुसत होते आणि हसत होते. तिथूनच त्यांनी अकोल्याच्या माणसाला फोन लावला. "भाऊ, गाडी इकाची नाई. काहून म्हंजे काय? माह्या पोरीचं लगन हाये!"

सासूबाईंना सांगायचं कसं, ही मोठी पंचाईत. त्या ऐकून घेतल्यावर ताठ बसल्या. "मंग माही नाल खोटी का रे?"

हे त्यांच्या पायाशी बसले. "खोटी नाई माय. भल्ली ताकदीची हाये, म्हनून तं गाडी भेते तिले. पन नजर मांगूनबी लागते ना? मांगं बांधू आपन."

सासूबाईंनी विचार केला आणि मग स्वतःच्या हातानं नाल डिक्कीत, आतल्या बाजूनं बांधली. वर मला म्हणाल्या, "मले आंधीच वाटलं होतं."

लग्नाच्या दिवशी किशोरराव गाडीभोवती फिरले. "जाईन ना धड?"

"तुमी मांगं मांगं या," हे म्हणाले. "मधात चहाले थांबलो तंच सापडू आमी."

पुंजाजी एवढ्या मोठ्यानं हसले की बँडवाले वळून पाहायला लागले. रोहित आला आणि गाडीला फुलांच्या माळा बांधू लागला. ह्यांनी त्याला फक्त एवढंच सांगितलं, "समोर नको बे बांधू."

मागे दामिनी आणि शिवम बसले, पुढे पाठराखीण म्हणून सासूबाई. आईनं पोरीसोबत जायची आमच्यात रीत नाही. मी दारात उभी राहिले. गाडी शिवेपर्यंत गेलेली दिसली आणि तिथं थांबली. सगळं गाव माझ्यासोबत पाहत होतं, पण ते थांबणं कसलं, हे सगळ्यांना माहीत होतं. मग निघाली.

दुसऱ्या दिवशी हे परतले, तेव्हा दारात दोन जण वाट पाहत बसले होते. एकाला अमरावतीच्या दवाखान्यात जायचं होतं, एकाला पाहुणे आणायचे होते. ह्यांनी दोघांना वेळ दिली, हातपाय धुतले आणि ओट्यावर टेकले. मी चहा दिला.

"कुठं थांबली नाही ना?"

"नाई. सिधी अकोल्याले. किशोररावनं सोता दरवाजा उघडला." ते हसले. मग चहा तसाच हातात राहिला. "मूर्तिजापूरले चहाले उतरलो. पोरगी झोपली होती मागं. म्या डिक्की उघडली वं शकुन. नाल सोडली. हातात घेऊन उभा राहिलो. वाटलं, बांधाव समोर."

"मग?"

"मंग काय. परत बांधली जाग्यावर. लोकायच्या पोरी टायमावर पोचवल्या, आपली काहून उशिरा न्याव?"

आणि ते उठून गाडी पुसायला गेले.